खानझोड्यांच्या बैठकीतला तबलजी

नीळकंठराव खानझोड्यांनी चौतीस वर्षं सरकारी अमीन म्हणून बालाघाट जिल्ह्याची जमीन मोजली. वैनगंगेनं पुरात खाल्लेली मोजली, गाळ टाकून परत दिलेली मोजली, आणि लामत्याच्या एका म्हातारीच्या बांधावरचा आंबा नेमका कोणाचा हे ठरवताना त्याची सावलीसुद्धा मोजली. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. असा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्यापुढे मोजायला काही उरलं नाही, तर तो काय करील? नीळकंठरावांनी गाणं मोजायला घेतलं.

सन एकोणीसशे बहात्तर. खाणीवरचे एक इंजिनिअर साहेब बदलीवर जाताना आपला स्टिरिओ विकून गेले. तबकडी फिरवायचं यंत्र, थंडीत हात शेकावेत इतका तापणारा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, आणि माणसाच्या मांडीएवढे दोन स्पीकर. वर सात तबकड्या आणि एक इंग्रजी मासिक फुकट. तबकड्या नीळकंठराव नंतर ऐकणार होते, आधी त्यांनी मासिक वाचलं. त्यात लिहिलं होतं की चांगल्या स्टिरिओत गाणं नुसतं डावं-उजवं नसतं, त्याला मागचं-पुढचंही असतं. डोळे मिटले की समोरची भिंत नाहीशी होते आणि कोण वाजवणारा किती फूट मागे बसला आहे ते कळतं.

‘किती फूट’ हे शब्द नीळकंठरावांनी तीनदा वाचले. तिथंच ते फसले.

स्टिरिओ बैठकीच्या खोलीत मांडला गेला आणि त्यांच्या पत्नी कालिंदीबाई तिथून उठवल्या गेल्या. एकट्या नव्हे, अकरा बायकांसह. नऊ वर्षं दर गुरुवारी दुपारी त्यांचं भजन त्याच खोलीत होत असे. आता ते मागच्या पडवीत गेलं. पडवीत मिरच्या वाळत घातलेल्या. तिसऱ्या अभंगाला पहिली शिंक यायची आणि पाचव्या अभंगापर्यंत टाळ कमी, शिंका जास्त. पाच महिने कालिंदीबाईंनी हे सोसलं. मग मार्गशीर्ष जवळ आला. महालक्ष्मीचा घट काय मिरच्यांत मांडायचा?

त्या बैठकीत आल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या आणि एक अख्खी तबकडी त्यांनी ऐकून घेतली. त्यांचे वडील कीर्तनात पेटीची साथ करायचे. बाईंचा कान असा होता की शेजारच्या घरातलं दूध उतू जायच्या आधी त्यांना ऐकू येई.

“हे काय गाणं आहे?” त्या म्हणाल्या. “कॅलेंडर आहे हे, भिंतीवर टांगलेलं. बाई बी चपटी, तबला बी चपटा. अन् तो सारंगीवाला तर त्या बाईच्या खांद्यावरच बसून राह्यला.”

“अवो, स्टिरिओ आहे तो. दोन बाजू आहेत त्याले.”

“बाजू दोन आहेत, हौ. मागचं-पुढचं कुठं आहे? माणसं काय फोटो काढाले उभी केल्यासारखी एका रांगेत गातात?”

नीळकंठरावांना राग आला नाही. उलट अंगावर काटा आला, कारण ज्यासाठी ते पाच महिने झुरत होते तेच ही बाई पदर खोचून बोलत होती.

“मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत तुमची मुदत,” कालिंदीबाई म्हणाल्या. “त्या दिवशी मले बसल्या जागी कळलं पाहिजे, कोण पुढं बसला अन् कोण मागं. कळलं तर खोली तुमची. आम्ही पडवीत बसू, शिंकत. नाई कळलं तर तुमचे हे दोन्ही खोके माळ्यावर.”

“अन् ठरवणार कोण?”

“मी.”

“तूच वादी अन् तूच पंच?”

“चौतीस वर्षं सरकारनं दुसरं काय केलं?”

 माळा म्हणजे उंदीर, धूळ आणि कौलातून गळणारा पावसाळा. खोके एकदा वर गेले की खाली येणार नव्हते, आणि मग नीळकंठरावांनी ओसरीवर बसून रस्त्यावरचे ऑटो मोजायचे. तेही त्या काळी बालाघाटात चारच होते. सकाळी नऊपर्यंत मोजून संपत.

मुदतीला सतरा दिवस उरले होते.

पहिले चार दिवस तारेत गेले. एका खोक्याची तार उलटी जोडलेली निघाली. ती तशी असताना गाणारी बाई डावीकडेही नव्हती आणि उजवीकडेही नव्हती, ती नीळकंठरावांच्या टाळूखाली बसून गात होती. त्यांना दोन दिवस वाटलं, थंडी डोक्यात शिरली. तार सुलटी केली तेव्हा बाई डोक्यातून उतरून पुन्हा भिंतीवर गेली. प्रगती म्हणायची, पण थोडी.

मासिक सांगत होतं, खोके भिंतीपासून पुढे ओढा. नीळकंठराव हे वाक्य पहिल्यापासून वाचत होते आणि सोडून देत होते. आपल्याकडे घरातली वस्तू भिंतीला लागूनच असते. कपाट भिंतीला, दिवाण भिंतीला, घड्याळ तर भिंतीवरच. पाहुणासुद्धा आला की पाठ टेकायला भिंत शोधतो आणि मगच “कसं काय” विचारतो. खोलीच्या मध्यात फक्त केरसुणी फिरते. खोके तर त्यांनी रेडिओ ठेवतात तसे भिंतीतल्या फळीवर, क्रोशाची झालर पांघरून ठेवले होते. मध्यात सामान मांडतात ते घर सोडून जाणारे लोक.

पण सतरातले चार गेले होते. पाचव्या दिवशी त्यांनी झालर काढली, खोके दोन स्टुलांवर ठेवले आणि भिंतीपासून एक हात पुढे ओढले.

गाणारी बाई तिथंच राहिली. तबला मात्र हळूच मागे सरकला, एखादा माणूस सभेत दुसऱ्याला जागा देतो तसा.

नीळकंठरावांनी श्वास रोखून आणखी तीन हात ओढले. सारंगी बाईच्या खांद्यावरून उतरली. मग त्यांनी खोक्यांची तोंडं जराशी आत वळवली, अशी की दोघांची नजर ऐकणाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर पडावी. स्वतःचा पाटही त्यांनी मागच्या भिंतीपासून सुटा करून पुढे घेतला.

कालिंदीबाई आत जाताना थांबल्या. घरात जायचं दार बाजूच्या भिंतीत, समोरच्या कोपऱ्याशी, त्यामुळे आता त्यांना दोन खोक्यांच्या मधून जावं लागत होतं. “आता यायले तिरळे बी केले?” त्या म्हणाल्या, आणि सरळ तबलजीच्या पोटातून निघून गेल्या. त्यांच्या लेखी तिथं अजून कोणी नव्हतं.

नीळकंठरावांनी मोजणीचा फिता काढला. डोळे मिटून ऐकायचं, बोट दाखवायचं, डोळे उघडून खडूनं फुली मारायची. फरशीवर नकाशा उमटू लागला, शेताच्या तुकड्यांना देतात तसे नंबर पडू लागले. खसरा नंबर एक, गाणारी बाई. नंबर दोन, तबला, बाईच्या उजवीकडे अडीच फूट मागे. नंबर तीन, सारंगी, डावीकडे तेवढीच. पण नंबर चार, तंबोरा, काही केल्या सापडेना. त्याचं नुसतं धुकं होतं. नीळकंठरावांनी बाजूच्या भिंतीसमोर टाळी वाजवली तर भिंत “टण्ण” म्हणाली. चुन्याची कोरी भिंत ती, जे ऐकेल ते परत फेकणार. दोन्ही बाजूंनी तीच तऱ्हा. मासिक म्हणे, गालिचे टांगा. बालाघाटच्या निवृत्त अमिनाच्या घरी गालिचे!

सहा दिवस उरले असताना लालबर्ऱ्याहून तेजराम आला. नीळकंठरावांची सहा एकर धानाची जमीन तो कसत असे. सोबत बैलगाडी आणि नव्या धानाचे चाळीस कट्टे, गच्च भरलेली पोती.

“बाबूजी, कोठीत तं जागा नाई जी,” तो म्हणाला. “मागच्या सालचं हाये अजून. कुठं टाकू?”

“टाक कुठंही,” नीळकंठराव म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मालकाचे डोळे मिटलेले दिसले की तेजराम जास्त विचारत नसे. बैठकीच्या मध्यात खोके, खडूचे नकाशे, पाटावर डोळे मिटलेला मालक. त्यानं कट्टे दोन्ही बाजूच्या भिंतींना, दार तेवढं सोडून, छातीइतके उंच लावून टाकले. शेवटचा कट्टा टेकला आणि नीळकंठराव पाटावरून ताडकन उठले.

“तेजराम! काय केलं रे तू?”

“उचलतो जी, उचलतो!”

“हात लावू नको!”

भिंतींनी बोलणं बंद केलं होतं. धुकं खाली बसलं, धूळ बसते तसं. आणि मागे, पार मागे, तंबोऱ्याच्या चार तारा एकामागून एक छेडल्या जात होत्या. नीळकंठरावांनी तेजरामला पाटावर बसवलं. तेजराम ऐकत राहिला, मग हळूच वाकून कोपऱ्याकडे बघू लागला.

“कोनाले पाहून राह्यला?”

“थे मागची बाई, बाबूजी. थे दिसत काहून नाई?”

नीळकंठरावांनी फिता घेतला. बाई, तबला, सारंगी जागच्या जागी. मग त्यांनी तंबोऱ्यापर्यंतचं अंतर काढलं, आणि पुन्हा काढलं. पाटापासून तंबोरा एकोणीस फूट निघाला. पाटापासून समोरची भिंत साडेचौदा.

समोरची भिंत सामाईक होती. तिच्या पलीकडे गुणाकर वकिलांचं स्वयंपाकघर.

दोन दिवस नीळकंठराव तेच अंतर पुन्हा पुन्हा मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या पत्नी सत्यभामाबाई विरजण मागायला आल्या आणि कालिंदीबाईंना म्हणाल्या, “तुमच्याकडं कोनी पाव्हणी आली का जी? आमच्या चुलीपाशी कोनीतरी बसल्यासारखं वाटते. दुपारचं. लई सभ्य बाई आहे, बोलत नाई काही. मी पाट टाकून ठेवला तिच्यासाठी. बिचारी जमिनीवर कायले बसंल?”

मागोमाग स्वतः गुणाकर वकील आले. सकाळी अंगावर काळा कोट चढवल्याशिवाय ते दातही घासत नसत.

“खानझोडे,” ते म्हणाले, “तुमचा तंबोरा आमच्या किचनमध्ये आहे.”

“साडेचार फूट,” नीळकंठराव म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“साडेचार! अन् चौतीस वर्षं तुम्ही लोकांची अतिक्रमणं काढली! हा नाजायज कब्जा झाला. बारा वर्षं ती बाई तिथं बसली, तर माझी चूल तिच्या नावावर चढते, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग? काढता की नोटीस देऊ बाकायदा?”

“वहिनींना काही त्रास आहे का तिचा?”

“त्रास कायचा? डाळ चांगली शिजून राह्यली उलट. पण सवाल उसूल का है!”

वकील गेले. नीळकंठराव खोक्यांसमोर बसून राहिले. तीन दिवस उरले होते. खोके मागे सरकवले तर खोली आखडणार, तंबोरा पुढे येणार, आणि कालिंदीच्या कानाला पुन्हा कॅलेंडर दिसलं तर सगळं माळ्यावर. नाही सरकवले तर आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्याची जमीन त्यांच्याकडे निघणार, तीही चुलीपाशी. वैनगंगेच्या काठची माणसं त्यांच्या जरिबीसमोर पागोटं काढत. ती लोखंडी साखळी एक कडी इकडे नाही, एक कडी तिकडे नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी खोके दीड हात मागे घेतले. तंबोरेवाली भिंतीतून अलीकडे आली. भिंत आणि तिची पाठ यांच्यात एक वीत जागा त्यांनी रिकामी सोडली, कारण कायदा तसा आहे. खोली आखडली होती खरी. पण दोन दिवस ते खोक्यांची तोंडं बोटाबोटानं वळवत राहिले आणि जे उरलं होतं ते घट्ट झालं. लांबी गेली, पण माणसं जाड झाली. बुधवारी घरातली मांजर बैठकीत आली, तबल्याच्या खडूच्या फुलीपाशी थबकली, नाक पुढे करून हुंगली आणि लांबून वळसा घालून गेली. नीळकंठरावांनी ते पाहिलं, पण मांजराची साक्ष कोण धरतो?

गुरुवारी दुपारी तीन वाजता अकरा बायका आल्या. त्यांत सगळ्यात पुढे रुख्माबाई. त्यांचा आवाज आणि आकार दोन्ही मोठे. त्या आल्या तशा मागच्या भिंतीला टेकून बसल्या.

“रुख्माबाई, जरा पुढं या. भिंतीपाशी नाई बसायचं,” नीळकंठराव म्हणाले.

“काहून जी? भिंत काय मागून घेतली?”

“तिथं गाणं नीट लागत नाई.”

“मले कंबर नीट लागत नाई!” रुख्माबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

कालिंदीबाई पाटावर बसल्या. डोळे मिटले. नीळकंठरावांनी भीमपलासीची तबकडी लावली, सुई टेकवली आणि खाली, तेजरामच्या कट्ट्यांजवळ उकिडवे बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पंचाच्या तोंडाकडे पाहू नये, हा मोजणीचा शिरस्ता.

आलाप संपला. ठेका सुरू झाला. बाहेर रस्त्यानं एक ट्रक गेला आणि पुन्हा शांत झालं. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं होतं. बायका सुरुवातीला कुजबुजत होत्या, मग कुजबुज थांबली. तंबोरा अखंड चालला होता. सारंगी मध्येच बाईच्या मागे मागे जायची आणि तिला सोडून द्यायची. सात-आठ मिनिटं गेली असतील. कालिंदीबाईंच्या कपाळावरची एक शीर हलली.

त्यांनी डोळे उघडले. समोर पाहिलं, मग कट्ट्यांकडे, मग आपल्या अकरा बायकांकडे. अकरा जणी त्यांच्याकडे पाहत होत्या. पाच महिन्यांच्या शिंका त्या नजरांत होत्या.

“काही नाई,” कालिंदीबाई म्हणाल्या. “कॅलेंडरच आहे.”

“मंग!” रुख्माबाई म्हणाल्या. “म्हटलं नव्हतं मी? घट आण वं कालिंदी, इथंच मांडू.”

 निवाडा झाल्यावर वाद घालायचा नसतो. एवढंच नीळकंठरावांच्या मनात आलं की कालिंदी खोटं बोलताना डावा कान खाजवते, आणि आता ती खाजवत होती. पण पंच तीच होती. ते उठले आणि सुई उचलायला यंत्राकडे निघाले. गुडघे धरले होते, म्हणून हळू.

तेवढ्यात कालिंदीबाई घट आणायला आत निघाल्या. कोपऱ्यातल्या दाराकडे, दोन खोक्यांच्या मधून. पहिली दोन पावलं सरळ पडली. तिसऱ्या पावलाला त्यांनी पदर आवरून घेतला. समोर कोणीच नसताना उजवीकडे वळल्या, अंग चोरलं, बसलेल्या माणसाच्या बाजूनं बाईमाणूस जाते तशा जाऊ लागल्या, आणि उजव्या पायाचा अंगठा खडूच्या दुसऱ्या फुलीवर पडला.

त्या थांबल्या. चटकन वाकल्या. दोन बोटं रिकाम्या फरशीला लावली, मग कपाळाला. आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “माफ करा जी.”

त्या मात्रेला तबला अर्धा क्षण थबकला, असं रुख्माबाई पुढे वीस वर्षं शपथेवर सांगत.

 कालिंदीबाई वाकलेल्याच राहिल्या. आपण काय केलं हे त्यांना वाकल्यावरच कळलं होतं.

“कालिंदी,” नीळकंठराव म्हणाले, “कोनाले लागला पाय?”

“कोनाले नाई.”

“मग नमस्कार?”

कालिंदीबाईंनी खोलीच्या मध्यात पाहिलं. तिथं ऊन होतं, फरशी होती, खडूची फुली होती. आणि तिथं पायाच्या अंगठ्याला तबल्याची कातडी लागावी इतक्या जवळ कोणीतरी मांडी घालून बसलं होतं, हे त्यांच्या अंगाला ठाऊक झालं होतं. तोंडानं काहीही म्हटलं तरी आता उपयोग नव्हता. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना चालायच्या आधी शिकवलं होतं.

“तबल्याले,” त्या म्हणाल्या.

नीळकंठराव जिंकले होते. कागदावर सही करून घ्यायची वेळ होती ती, आणि त्यांनी फक्त सुईकडे हात नेला.

“उचलू नका!” कालिंदीबाई म्हणाल्या. “समेवर येऊ द्या त्याले. मधेच कुठं उठून जाईल तो?”

हात थांबला. तबलजी समेवर आला, पुढचं आवर्तन सुरू झालं. कालिंदीबाई दाराशी उभ्या राहून ते ऐकत होत्या, आणि आता त्यांचं लक्ष तबल्याकडेही नव्हतं. मागे, भिंतीपासून वीतभर अंतरावर, तंबोरा धरून बसलेल्या बाईकडे होतं. “ही कुठली असंल वं?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बायकांकडे वळल्या. “खोली यांची. मी शब्द दिला होता. उठा. घट पडवीत मांडू. मिरच्या आज मी काढते तिथून, मलेच काढायला पाहिजे होत्या.”

बायका उठल्या. अकरा जणी, एकामागून एक, कोपऱ्यातल्या दाराकडे निघाल्या. पहिलीनं पदर आवरला आणि गाणाऱ्या बाईला वळसा घातला. दुसरीनं तबल्याला. तिसरीनं सारंगीच्या गजाला धक्का लागू नये म्हणून खांदा मागे घेतला. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. दहा जणी अशा गेल्या.

शेवटी रुख्माबाई. त्या खोक्यांपर्यंत आल्या, तबला आणि सारंगी यांच्या मधल्या जागेकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. एकदा तिरक्या होऊन अंदाज घेतला. एकदा पाठमोऱ्या.

“नाई जमत,” त्या म्हणाल्या. पुढच्या दारातून बाहेर पडल्या, रस्त्यानं वकिलांच्या घराला अख्खा वळसा घालून गेल्या आणि मागच्या गल्लीतून पडवीत आल्या.